यमुनाबाई वेळेवरच येत होत्या

यमुनाबाई, ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करायचो. बायकोला सांगितलं नाही, मुलींना सांगितलं नाही, तुम्हाला तर नाहीच. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा वाईट वाटलं, पण त्याच्या मागोमाग मनात आलं की सुटलो, आता सांगायचं राहिलंच नाही. असल्या माणसाचं हे लिहिणं आहे, एवढं आधी ध्यानात घ्या.

सुटलो मात्र नाही. परवा तुमच्या दहाव्याला मंडपात मी मागे बसलो होतो. महाराजांचं प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीला एकेक जण उठू लागला. पेठेतले एक जुने व्यापारी उभे राहिले. त्यांनी तुमचं कौतुकच केलं. म्हणाले, "कापडातलं एवढं कळनारी बाई शेवगावात पुन्हा व्हायची न्हाई. येळेचं तेवढं जमत नव्हतं. त्यापायीच शेठनं दुकानातून काढलं, आन तेच त्यांच्या पथ्यावर पडलं." लोक प्रेमानं हसले. तुमचा मुलगा मान खाली घालून बसला होता, तो हसला नाही. त्याने ही गोष्ट लहानपणापासून ऐकली असणार. आपली आई कष्टाळू होती, हुशार होती, पण वेळ पाळत नव्हती म्हणून तिला नोकरीवरून काढलं, असं तो धरून चालला असणार.

ते खोटं आहे हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय. शेठ जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुम्ही गेलात. आणि मी त्या मंडपात गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसलो.

म्हणून लिहायला घेतलंय. आणि सुरुवात जिथून करायला हवी तिथूनच करतो. मी तुमच्यावर जळत होतो, बाई.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात त्या गिऱ्हाईक म्हणून. मी तेव्हा शेठच्या दुकानात चांगला मुरलेला होतो. धोतरं, पटके, मांजरपाट, शर्टाचे पीस हे माझं खातं, आणि लग्नाचा बस्ता आला की सगळंच माझ्याकडे. तुम्ही भावाच्या बायकोसाठी लुगडं घ्यायला बसला होतात. शेजारी कुणी एक बाई कधीची दोन लुगड्यांत घुटमळत होती. मी तिला दोन्हींचे गोडवे गाऊन दाखवत होतो. तुम्ही मधेच म्हणालात, "बाई, ते नगं घिऊ. पयल्या धुन्यात काठ रडंल, रंग सोडंल. ह्ये घ्या." मला असा राग आला! आमच्याच दुकानात, आमच्याच गादीवर बसून आमच्या मालाला नावं ठेवायची? पण त्या बाईनं तुम्ही सांगितलेलं घेतलं, वर आणखी एक घेतलं, आणि निघताना तुम्हाला विचारलं, "तुमी हितंच बसता का?"

शेठनं ते ऐकलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना सगळं ऐकू यायचं. त्यांनी तुम्हाला तिथल्या तिथे विचारलं, बायकांच्या कापडाला बसाल का म्हणून. शेवगावात तोवर कुठल्या कापड दुकानात बाई कामाला नव्हती. तुम्ही लाजाल, घरी विचारते म्हणाल असं मला वाटलं. तुम्ही पदर सावरलात आणि सरळ आपली अट सांगितलीत.

"दिसभर बसायला जमायचं न्हाई मला. आमच्या आत्याबाई अर्ध्या अंगानं गेल्यात. आमचं मालक कारखान्यावर कामाला, सहा सहा म्हयने तिकडंच. म्हातारीला उठवायचं, बसवायचं माझ्याकडंच हाय. गिऱ्हाईक आलं की बलवा, येते. गिऱ्हाईक गेलं की मी बी जाते."

मी शेठच्या तोंडाकडे पाहिलं. आमच्या दुकानाचा दंडक होता, शेठनं सकाळी उदबत्ती लावल्यापासून पेठेतले दिवे मालवेपर्यंत गादीवर माणूस दिसला पाहिजे. गिऱ्हाईक असो नसो. मला एकदा ताप होता तरी मी भिंतीला टेकून बसलो होतो. आता शेठ या बाईला चांगलं सुनावतील म्हणून मी वाट पाहत राहिलो.

शेठ म्हणाले, "बरं."

एवढंच. तो एक शब्द मी पुढे कितीतरी दिवस चघळत होतो.

तुमचं घर दुकानाच्या मागच्या आळीत. माडीवरून तुमचं अंगण सरळ दिसायचं. तेव्हा शेठनंच युक्ती काढली. ऊन लागून रंग उडालेलं एक जांभळं लुगडं होतं, ते कुणी घेणार नव्हतंच. बायकांचं गिऱ्हाईक येऊन बसलं की ते माडीच्या कठड्यावर सोडायचं. ते दिसलं की तुम्ही यायचं. आणि ते सोडायचं काम कुणाचं? माझं. पुरुषांच्या खात्यावरचा जुना माणूस मी, आणि एका बाईला बोलवायला जिना चढून लुगडं वाळत घालणार. पेठेतले लोक खालून ओरडायचे, "काय रंगनाथ, झेंडावंदन झालं का?" तुम्हीही कमी नव्हतात. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक नसलं की दुसऱ्या दिवशी दारातून आत येता येता म्हणायचात, "रंगनाथभाऊ, काल आमच्या झेंड्याला सुट्टी व्हय?" सगळं दुकान हसायचं. मीही हसायचो.

पण एक सांगतो, आणि आज तुम्ही समोर असतात तरी सांगितलं असतं. माझी एक तक्रार खरी होती. तुम्ही यायचात, गादीवर बसायचात, फडाफडा लुगडी उलगडायचात, बायकांशी माहेर-सासरच्या गप्पा मारत मारत विकायचात आणि चपला घालून चालू लागायचात. मागे उलगडलेल्या लुगड्यांचा ढीग. त्याच्या घड्या कोण घालणार? मी. नऊवारी लुगड्याची घडी एकट्यानं घालणं म्हणजे काय ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मी एकदा बोललोही. तुम्ही म्हणालात, "मला शेठ इकायला बलिवत्यात, घड्या घालायला न्हाई." ते बोलणं मला फार लागलं. आजही, इतक्या वर्षांनी, मला वाटतं की तिथं तुमचं चुकलं होतं. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण तुमच्याशी भांडल्याशिवाय मला कधी बोलताच आलं नाही.

तरी जळणं घड्यांचं नव्हतं. तुमची विक्री माझ्यापेक्षा जास्त व्हायला लागली, खेड्यावरच्या बायका "ती यमुनाबाई कुठंय" विचारत आत यायला लागल्या, तेही मी गिळलं असतं. मला सोसायचं नाही ते दुपारी तुमचं निघणं. माझी थोरली त्या वर्षी चालायला शिकत होती. मी सकाळी निघायचो तेव्हा ती झोपलेली असायची, परतायचो तेव्हाही झोपलेली. दुकान बंद असायचं त्या वारी मी तिला उचललं की ती आईकडे हात पसरून रडायची. तिच्या लेखी मी पाहुणा होतो. आणि तुम्ही भर उजेडात पेठेतून आपल्या घरी जायचात. मी दाराशी उभा राहून तुमची पाठ बघायचो. मला आपलं घर उजेडात बघायचं होतं, बाई. एवढीच ती जळजळ होती. पण माणूस असलं काही स्वतःशी कबूल करत नाही. मी मनात म्हणायचो, ही कसली नोकरी, ही तर मिजास झाली.

तुम्हाला ते कळलं होतं का? कळलं असावं. एकदा पावसानं गिऱ्हाईक नव्हतं, आपण दोघं खणांची चळत लावत होतो. तुम्ही विचारलंत, "पोरगी चालायला लागली म्हनं?" मी म्हणालो, "लागली असं तिची आई सांगते." तुम्ही हातातला खण खाली ठेवलात.

"म्हंजी तुमी बघितलं न्हाई?"

"दुकान सोडून कसं बघणार?"

"मागा की मग. आठवड्यातनं येक सांज लवकर सोडा म्हनावं. शेठ मानूस हाय, धोंडा न्हाई."

"पुरुषमाणसानं असलं मागायचं असतं का?"

"आन बाईमानसानं?"

"तुमचं वेगळं. तुमच्या घरी आजारी माणूस आहे."

"तुमच्या घरी लेकरू हाय. लेकरू काय आजाऱ्यापेक्षा हलकं पडतं व्हय?"

मी म्हणालो की नोकरी म्हणजे बसणं, जो बसतो त्याच्यावर दुकान चालतं. तुम्ही म्हणालात, नुसत्या बसण्यानं एक तरी लुगडं खपलंय का दाखवा. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो वाद तिथंच राहिला. मी पुढे तो मनातल्या मनात कितीदा तरी चालवला. कधी मी जिंकायचो, कधी तुम्ही. शेठकडे मात्र मी मागितलं नाही. अभिमान होता म्हणा, भीती होती म्हणा. मागितलं आणि शेठ नाही म्हणाले असते तर तुमच्यात आणि माझ्यात काय फरक आहे ते उघडच झालं असतं.

मग दुष्काळ पडला. बहात्तर सालचा. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली, माणसं खडी फोडायला गेली. पुढच्या उन्हाळ्यात लग्नं झाली ती कशीबशी, चार माणसांत. एरवी लग्नसराईत आमच्या दारात बैलगाड्यांची रांग असायची. त्या साली शेठ दाराकडे बघत बसायचे. एका सकाळी ते गल्ल्यावरूनच म्हणाले, "असंच चाललं तर दोघांपैकी एकाला घरी बसावं लागेल, रंगनाथ." कोणाला, ते बोलले नाहीत. मी रात्रंदिवस तेच घेऊन बसलो. माझा पगार पूर्ण, तुमचा निम्मा. बायका तुम्हाला विचारत येतात, मला कोण विचारत येतं? हिशेब करायला मला पाटी लागत नव्हती.

अशात बोधेगावकडचा बस्ता आला. त्या हंगामातला पहिला मोठा. दोन्हीकडची माणसं, नवरीची आई, आजी, मावश्या, नवऱ्याचे चुलते. मी पाणी दिलं, चहा सांगितला, पुरुषांची कापडं झाली. मग बायका पुढे सरकल्या आणि शेठ म्हणाले, "रंगनाथ, लुगडं."

मी जिना चढलो. जांभळं लुगडं पेटीवर घडी करून ठेवलेलं होतं. कठड्याशी उभा राहून मी खाली पाहिलं. तुम्ही अंगणात होतात. आत्याबाईंना, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, सावलीत बाजेवर बसवलं होतं आणि त्यांच्या पायाला तेल चोळत होतात. म्हातारी काहीतरी बोलली, तुम्ही मान मागे टाकून हसलात. भर दुपारी, दुकानाच्या वेळेत, आपल्या अंगणात.

मी लुगडं उचललंच नाही.

कट वगैरे काही नव्हता डोक्यात. वाटलं, आज एक बस्ता माझा मी करून दाखवतो. बाईशिवाय बायकांचं गिऱ्हाईक होतं, हे शेठना एकदा दिसू दे. मी खाली आलो. शेठनं विचारलं, "लावलं?" मी म्हणालो, "लावलं."

मग मी जीव तोडून दाखवलं, बाई. इरकली दाखवली, नारायणपेठी दाखवली, माळ्यावरचा माल उतरवला. ती आजी नुसती मान हलवायची. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आरं बाबा, तुला इच्यारून मी काय नेसू? ती बाई कुठं गेली? आमी तिच्यासाठी आलोय." मी म्हणालो, येतीलच. शेठ दाराशी जाऊन मागच्या आळीच्या तोंडाकडे बघून आले. पुन्हा म्हणाले, "नक्की लावलंस ना?" त्या वेळी तरी मला वर धावत जाता आलं असतं. मी म्हणालो, "केव्हाच लावलंय, शेठ."

बस्ता उठला. दुकानदारीत याहून मोठा अपमान नाही. बसलेलं गिऱ्हाईक, चहा प्यालेलं, अर्धी खरेदी झालेलं, पुरुषांची कापडंसुद्धा तशीच गादीवर टाकून उठलं आणि समोरच्या दुकानात जाऊन बसलं. दुष्काळाच्या सालात, साऱ्या पेठेदेखत. शेठ गल्ल्यावर जाऊन बसले. उलगडलेल्या मालात मी उभा होतो आणि माझ्या मनात काय आलं सांगू? की या ढिगाला तरी तुमचा हात लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनं तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही नेहमीसारख्या हसत आलात. शेठचं तोंड पाहून थांबलात.

"काल का आला नाहीत?"

"बलिवलं कुटं?"

"लुगडं लावलं होतं."

"न्हाई शेठ. मी दुपारभर आंगनातच हुते. आत्याबाईंच्या पायाला त्याल लावीत हुते. तोंड माडीकडंच हुतं माझं."

शेठ माझ्याकडे वळले. "रंगनाथ?"

मी मीटरपट्टी हातात घेऊन एक तुकडा मोजत होतो. वर न बघता म्हणालो, "लावलं होतं. वाऱ्यानं कठड्याला गुंडाळलं गेलं असेल."

आदल्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं. शेवगावात सगळ्यांना ठाऊक होतं तसा तो उकाडा होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं आता बोलाल. एक वाक्य बोलला असतात तर शेठनं मला तिथंच धारेवर धरलं असतं, आणि मला आणखी खोटं सुचलं नसतं.

तुम्ही म्हणालात, "आसंल. वाऱ्यानं."

शेठ म्हणाले, "हे असलं आता नको. सकाळी उघडल्यापासून मिटेपर्यंत बसायचं असेल तर बसा. नाहीतर राहू द्या."

तुम्ही बसलात. दुष्काळात निम्मा पगारही कोण सोडतो? सकाळी सासूबाईंना जेवू घालून, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून, दाराला बाहेरून कडी लावून यायचात. गादीच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्याला मी. गिऱ्हाईक नसायचंच. तुम्ही न सांगता घड्या घालायला लागलात. तुमच्या घड्या माझ्यापेक्षा नीट असायच्या. तुम्ही माझी थट्टा करायचं सोडलंत. दुकानात मला अगदी हवी होती तशी शांतता झाली आणि ती माझ्याच्यानं सोसवेना. तरी मी बोललो नाही. उलट तुमची नजर सारखी मागच्या दाराकडे जायची ती पाहून मला एकदा बरंही वाटलं. आता कळेल, असं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

एका दुपारी शेजारीण धावत आली. म्हातारी पाणी संपलं म्हणून एकटीच उठायला गेली आणि बाजेवरून पडली. आतून हाका ऐकू आल्या तेव्हा कडी काढून लोक आत गेले. कंबरेचं हाड मोडलं होतं. तुम्ही अनवाणी पळालात, चपला दुकानातच राहिल्या. संध्याकाळी मी त्या तुमच्या दारात नेऊन ठेवल्या आणि हाक न मारता परत आलो.

त्यानंतर तुम्ही दुकानात पाऊल टाकलं नाहीत. सासूबाई पुढे जगल्या, पण अंगणात बाजेवर बसून हसताना त्या कुणाला दिसल्या नाहीत. पेठेत गोष्ट ठरून गेली, बाई वेळेवर येत नव्हती, बस्ता घालवला, शेठनं काढलं. मी ती गोष्ट पसरवली नाही. मी ती खोडलीही नाही.

तुम्ही दुकान सोडल्यावर आठ-पंधरा दिवसांनी शेठ मला सहज बोलून गेले. "ती बाई तुझ्यासाठी बोलली होती माझ्याकडे. म्हणाली, पावसाळ्यात बस्ते नसतात, तेव्हा रंगनाथभाऊला एखादी सांज उजेडात घरी सोडत जा, मी थांबते दुकान मिटेपर्यंत, आत्याबाईंकडं शेजारणीला बसवते. मी हो म्हणालो होतो. आता कोण थांबणार?"

मी हं म्हणालो आणि माळ्यावर गेलो. पोरीच्या चालण्यावरून झालेलं आपलं बोलणं तुम्ही डोक्यात ठेवलं होतंत आणि त्याचा तोडगाही काढला होतात, माझ्याशी एक शब्द न बोलता. यमुनाबाई, आभार मानायला हवे होते. मला त्या घडीला तुमचा रागच आला. मला मागता आलं नाही ते तुम्ही माझ्यासाठी मागितलंत, याचाही मी हेवा केला.

पुढचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही घरूनच लुगडी विकायला लागलात. ओसरीवर गठ्ठा सोडायचा, बायका दुपारची कामं आवरून यायच्या. सासूबाई आतून काही बोलल्या की तुम्ही उठून जायचात, गिऱ्हाईक बसून राहायचं. तुमची वेळ तेव्हा साऱ्या बायकांची वेळ झाली. मी मात्र त्याच गादीवर म्हातारा झालो. धाकट्या मुलींची बोबडी बोलणीही मी त्यांच्या आईच्या तोंडूनच ऐकली. तुमच्या ओसरीसमोरून जाताना मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा बायको अडून बसली, लुगडी यमुनाबाईंकडूनच घ्यायची. मी आदळआपट केली. म्हणालो, मी कापड दुकानात असून बाहेरून घ्यायची? तिनं ऐकलं नाही. तुम्ही गठ्ठा घेऊन आमच्या घरी आलात. मी पडवीत पेपर तोंडापुढे धरून बसलो. तुम्ही थोरलीच्या खांद्यावर हिरवं लुगडं टाकून बघितलंत, मग माझ्याकडे वळून म्हणालात, "ही तवा चालायला शिकत हुती, न्हाई का वो रंगनाथभाऊ?"

बस, एवढंच. आवाजात टोमणा नव्हता. मला त्या क्षणी सगळं कळलं. त्या सकाळी शेठपुढे तुम्ही 'आसंल, वाऱ्यानं' का म्हणालात ते. दुष्काळात माझी नोकरी गेली असती तर त्या पोरीनं काय खाल्लं असतं, याचा विचार तुम्ही त्या एका नजरेत केला होतात. माझ्या घरच्या लेकराचा विचार तुम्ही केलात, आणि तुमच्या घरच्या म्हातारीचा मी केला नव्हता. तुम्ही वाट बघत उभ्या होतात. बायको चहा आणायला आणि थोरली आरशात बघायला आत गेली होती. मला बोलायला जागा करून दिली होतीत तुम्ही. मी म्हणालो, "हो, दिवस कसे जातात." आणि पेपर उलटला.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात असं कळलं. मी काठी टेकत आलो. वाटेत शब्द जुळवत होतो. तुमच्या सुनेनं खुर्ची दिली. तुम्ही वाळून गेला होतात, डोळे तेवढे तसेच होते. मला म्हणालात, "या, शेठच्या गादीवरले." सुनेला म्हणालात, "ह्यांच्या च्यात साखर कमी टाक, हे गोड बोलत न्हाईत." स्वतःच हसलात, खोकला आला. सून पाणी आणायला आत गेली. आपण दोघंच राहिलो.

मी म्हणालो, "यमुनाबाई."

तुम्ही म्हणालात, "काय वो?"

मी पाहिलं, तुम्ही खरंच ऐकायला थांबला होतात. खोकला दाबून धरला होतात. आणि माझ्या तोंडून आलं, "काही नाही. जपा."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत.

हे तुमच्या मुलाच्या हाती देणार आहे आणि त्यानं ते पेठेत कुणालाही वाचून दाखवावं, असं सांगणार आहे. बोधेगावचा बस्ता उठला त्या दिवशी तुम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं. तुम्हाला कधीही उशीर झाला नाही. मी शेठशी खोटं बोललो, तुमच्यादेखत पुन्हा बोललो, आणि पुढे सारा जन्म गप्प राहून तेच खोटं बोलत राहिलो.

आणि तुम्ही 'काय वो' म्हणून विचारलंत, त्याचं उत्तर हे होतं, बाई. माझं चुकलं. तुमचं नाव मी घालवलं, तुमच्या सासूबाईंचं अंगण घालवलं. मला क्षमा करा.